सणाची आदली दुपार

(रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील महिला मंडळांच्या एकत्रित शिबिरात ‘सण आणि बाईचे श्रम’ या सत्रात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळच्या गटचर्चेत दिवाळीच्या फराळापासून ईदच्या शेवयांपर्यंत सगळं निघालं. प्रत्येकीने आपापल्या घरची यादी सांगितली आणि शेवटी आपण सगळ्याजणी हसलो, कारण याद्या वेगळ्या असल्या तरी दमणं एकच होतं. तेव्हा एका मैत्रिणीने मला विचारलं, “तुमच्यात काय असतं गं सणाआधी?” मी म्हटलं, दुपारी सांगते. ते आता सांगते आहे.

‘तुमच्यात’ म्हणजे बेने इस्रायलांत. रायगडातल्या मैत्रिणींना ओळख करून द्यायला नको. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले आम्ही ‘शनिवार तेली’. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडायचा, म्हणून हे नाव पडलं. घरची बोली मराठी, आडनावं गावावरून पडलेली, गळ्यात मंगळसूत्र, लग्नाआधी मेंदी. धर्म यहुदी. १९४८ नंतर आमच्यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. आम्ही थोडे इथे उरलो. माझी आजी पेणजवळची, आई ठाण्याची आणि मी तुमच्यातली, गेली दहा-बारा वर्षं समुपदेशन केंद्रात काम करणारी.

आमच्या धर्मशास्त्रात सणाआधी काय करायचं याचे बारीकसारीक नियम आहेत. केस कधी कापायचे, नखं कधी काढायची, कपडे कधी धुवायचे, काम कधी थांबवायचं, सगळं. समाजकार्याचं शिक्षण घेताना मी ते मुळातून समजून घ्यायला लागले. मनात राग होता, हे कबूल करते. वाचताना राग गेला नाही, पण तो नेमका कशावर करायचा हे कळलं. तेवढंच आज तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

आधी नियम सांगते. आमचा पेसाख, म्हणजे मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय तो सण, मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाल्याचा. जुन्या कोकणी बोलीत आमच्या आज्या-पणज्या त्याला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणायच्या. आंबट पाण्याचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं, म्हणून. आंबवलेलं काही खायचं नाही, घरात ठेवायचंही नाही. इस्रायलमध्ये हा सण सात दिवसांचा, बाहेर आठ. पहिले आणि शेवटचे दिवस पूर्ण सणाचे, मधले दिवस अर्धे सणाचे आणि अर्धे रोजचे.

या मधल्या दिवसांत केस कापायचे नाहीत, दाढी करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. असं का? सणात माणसाने नीटनेटकं नसावं म्हणून? नाही, नेमकं उलट. शास्त्रकार म्हणतात, मधल्या दिवसांत मोकळीक ठेवली तर लोक म्हणतील, करू सावकाश, आणि सणाच्या दारात वाढलेल्या केसांनी, मळक्या कपड्यांनी येतील. म्हणून नंतर बंदी, म्हणजे आधीच करावं लागेल. सणाच्या आदल्या दिवशी केस कापणं हे कर्तव्यच मानलं आहे. शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आधी, ऊन पाण्याने तोंड-हात-पाय धुवायचे, नखं काढायची, हेही तसंच. स्वतःला स्वच्छ करणं हा त्या दिवसाचा मान. मला ही कल्पना आजही आवडते. देह म्हणजे पाप, देह म्हणजे लाज, असं त्यात नाही.

आणि हे नियम करणाऱ्यांना माणसाची अडचण कळत होती. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना नावाचा कायद्याचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात या बंदीतून कोणाला सूट, याची यादी आहे. समुद्रापलीकडून आत्ताच आलेला. शत्रूच्या कैदेतून सुटलेला. तुरुंगातून बाहेर पडलेला. म्हणजे ज्याला आधी करायची सोयच नव्हती, त्याला नंतर करू द्या. कपड्यांच्या यादीत बायका आहेत. पाळी संपून शुद्ध होणारी आणि बाळंतीण, यांना कपडे धुवायची मुभा. पुढच्या शास्त्रकारांनी आणखी भर घातली. ज्याच्याकडे एकच अंगरखा आहे, त्याने तो सणाच्या मधल्या दिवसांतही धुवावा. तान्ह्या बाळाची दुपटी धुवायला हरकत नाही, कारण ती रोजच खराब होणार.

वस्तीत काम करणाऱ्या आपल्याला हे लगेच कळतं. एकच लुगडं असलेली बाई ते कधी धुते, कधी वाळवते, हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात आला, ही साधी गोष्ट नाही. आपले कितीतरी सरकारी नियम आजही असे लिहिलेले नसतात.

आता बाईच्या नटण्याकडे येते. तिथे एक गंमत आहे. पुरुषाला सणाच्या मधल्या दिवसांत दाढीची बंदी, पण बाईला नटण्याची पूर्ण मुभा. डोळ्यांत काजळ, केसांचा भांग, चेहऱ्याला रंग, अंगावरचे केस काढणं, सगळं चालतं. यावर ताल्मुदात एक प्रसंग आहे. तिसऱ्या शतकात जन्मलेले रब्बी हिस्दा हे बाबिलोनियातले मोठे विद्वान. त्यांची बायको सणाच्या दिवसांत नटत होती, तीही सुनेच्या देखत. समोर बसलेले एक विद्वान म्हणाले, ही मुभा तरुण बाईला आहे, वय झालेलीला नाही. तेव्हा रब्बी हिस्दांनी त्यांना चांगलंच सुनावलं. तुझ्या आईलाही आहे, आजीलाही आहे, थडग्याच्या काठावर उभी असेल तिलाही आहे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ. वर लोकांतली एक म्हणही ऐकवली. वाद्याचा आवाज आला की साठ वर्षांचीही सहा वर्षांच्या पोरीसारखीच धावते, अशा आशयाची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली.

आजोबा गेले तेव्हा आजी चाळिशीत होती. त्यानंतर तिने केसांत फूल माळलं नाही, हिरवी बांगडी भरली नाही. सणाला सगळ्यांसाठी ती गजरे करायची. अंगणातली अबोली, मोगरा, केळीच्या सोपाने गुंफलेले. सुनांना द्यायची, लेकींना द्यायची, आम्हा नातींच्या वेण्यांत स्वतः माळायची. स्वतःसाठी नाही. मी समजत होते, आपल्या धर्मात तसंच असेल. पण नाही. आमच्या धर्मशास्त्रात शोक पाळायचे ठरावीक दिवस आहेत, ते संपले की विधवेने फूल माळू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. तो रिवाज आम्ही इथल्या शेजारपाजाऱ्यांकडून घेतला. मेंदी घेतली, हळद घेतली, मंगळसूत्र घेतलं, त्यांच्याबरोबर हेही घेतलं. गुण्यागोविंदाने राहिलो म्हणतात ना, त्यात बायकांच्या वाट्याला आलेला हा एक भाग.

मी पुढच्या पेसाखला पेणला गेले आणि आजीला रब्बी हिस्दांची गोष्ट सांगितली. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “मेल्याची बायको सुखी असंल.” आणि पुन्हा निवडायला लागली. मी आणखी काही बोलले नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सगळ्यांचे गजरे वाटून झाले, तेव्हा तिच्या परडीत थोडी अबोली उरली होती. तिने तेवढ्याचीच एक लहानशी वेणी केली आणि माझ्या हातात दिली. पाठ फिरवून बसली. मी तिच्या अंबाड्याला ती वेणी लावली. तिचं वय तेव्हा ऐंशीच्या आसपास होतं. घरात कोणी काहीच बोललं नाही. एवढं सोपं होतं ते, आणि त्याला चाळीस वर्षं लागली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आजी नव्हती. पण तो ठराव वाचताना मला तिची पाठ आठवली. कायदा असो, धर्मशास्त्र असो की ग्रामपंचायतीचा ठराव, कागदावरची मुभा बाईच्या केसांपर्यंत पोचायला मध्ये कोणीतरी लागतं. आपलं काम ते.

पण रब्बी हिस्दांचं कौतुक करताना मी एक गोष्ट विसरत नाही. पुरुषाने केस कापले की तो सणाचा मान. बाईने काजळ घातलं की ती तिची हौस आणि नवऱ्याची खुशी. एकच कृती, पण एकाची कर्तव्यात जमा आणि दुसरीची नटण्यात. आणि या चर्चेत बोलणारे सगळे पुरुष. हिस्दांच्या बायकोला काय वाटत होतं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिचं नावही त्या प्रसंगात नाही.

आता कामाबद्दल बोलते. खरा पेच तिथे आहे.

पेसाखच्या आदल्या दिवशी दुपारी बारानंतर काम बंद, असा नियम आहे. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा त्या दुपारी यज्ञाचं कोकरू न्यायचं असे, म्हणून ती दुपार सणासारखीच मानली. सकाळी काम करायचं की नाही, हे त्या त्या गावच्या रिवाजावर सोडलं. पण मिश्नात म्हटलंय, तीन कारागिरांनी दुपारपर्यंत जरूर काम करावं. शिंपी, न्हावी आणि धोबी. एका रब्बींनी चांभारही जोडला. का हेच? कारण सणासाठी लोकांना त्यांची गरज असते.

हे वाचून मला आधी आनंद झाला. म्हटलं, वा, कामाला वेळेची मर्यादा! आदल्या दुपारी सगळे मोकळे. मग पुढे वाचलं. बंद करायचं ते काम म्हणजे धंद्याचं काम, कारागिरी, पोटापाण्याचा उद्योग. सणासाठी जे करावं लागतं ते त्या बंदीत येत नाही. म्हणजे सुताराने बारा वाजता रंधा खाली ठेवायचा. आणि सुताराच्या बायकोने? ती भाजते आहे, शिजवते आहे, घासते आहे, मुलांना न्हाऊ घालते आहे. ते ‘काम’ नाहीच. ती ‘तयारी’.

मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतं ना? आपल्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बाईची नोंद ‘काम न करणारी’ अशीच होत आली. अठराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ असो की आपल्या काळातला सरकारी फॉर्म, बाईचं काम मोजायच्या वेळी दोघांचीही नजर सारखीच चुकते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं, तर २८९ आणि ८८. हा रोजच्या दिवसाचा हिशेब. सणाच्या आदल्या दिवसाचा हिशेब कोणी मांडलेला मी पाहिला नाही. तो आपण मांडायला हवा.

माझ्या घरचा सांगते. मी आठ वर्षांची होते. पेसाखच्या आदल्या सकाळी पपा केस कापून आले, दाढी झाली, आंघोळ झाली, पांढरा शर्ट घातला. एक तास. ते सगळं नियमाप्रमाणे, बाराच्या आत. आई तीन आठवड्यांपासून लागलेली. माळा झाडला, गाद्या उन्हात टाकल्या, तांब्या-पितळेची भांडी कल्हईला दिली, डबे उकळत्या पाण्यातून काढले, तांदूळ तीन वेळा निवडले. तिची आंघोळ झाली ती दिवे लावायच्या पाच मिनिटं आधी. ओले केस तसेच बांधून ती जेवणाच्या विधीला बसली. आमच्याकडे त्या रात्री घरातल्या सगळ्यांत धाकट्याने चार प्रश्न विचारायचे असतात. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे. मी पाठ केलेले प्रश्न म्हटले. पपा मराठी हगादातून उत्तर वाचायला लागले, आम्ही गुलाम होतो आणि देवाने आम्हाला सोडवलं, त्या अर्थाचं. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीला डोकं टेकून झोपली होती.

सुटकेची गोष्ट सांगितली जात असताना जिने ती रात्र उभी केली ती ऐकायला जागी नव्हती. आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

१८७४ साली पुण्यात छापलेला एक मराठी-हिब्रू हगादा प्रसिद्ध आहे. त्यात सणाची बेखमीर भाकर, मात्झा, करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. वेष आपल्याकडचा, जमिनीवर बसून काम चाललेलं. मी ते चित्र पाहिलं तेव्हा म्हटलं, चला, पुस्तकात बायका आल्या तरी. पण आल्या त्या हातात पीठ घेऊनच.

मग शास्त्र बाईवर एवढं काम लादतं का? हे नीट बघितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. मिश्नाचं म्हणणं साधं आहे. ज्या जागी आंबवलेलं कधी नेलं जात नाही, ती जागा शोधायची गरज नाही. पडदे धुवा, खिडक्या पुसा, माळा झाडा, असं काही नाही. इस्रायलमध्ये आता काही रब्बीच लोकांना सांगतात, धूळ म्हणजे खमीर नव्हे. वसंतातली घराची झाडझूड आणि सणाचा नियम या दोन गोष्टी कधी एक झाल्या आणि कोणी केल्या? शेजारणीने पडदे धुतले म्हणून आईने धुतले, आईने धुतले म्हणून मावशीने. नियमाने मागितलं त्याच्या दसपट आम्हीच वाढवलं, आणि चांगल्या बाईची परीक्षा त्यावर ठरवली. यात बायकांचाही हात आहे, हे आपण आपसांत तरी मोकळेपणाने बोलू.

शोधाच्या कामाबद्दल ताल्मुदात म्हटलंय की घरात आंबवलेलं उरलेलं नाही, या बाबतीत बाईचा शब्द विश्वासाचा धरावा. जेरुसलेमच्या ताल्मुदात मात्र बायकांच्या शोधण्याबद्दल एक शेरा आहे. तो एकाने वाचला की बायका सावकाश, कणाकणाने शोधतात. दुसऱ्याने वाचला की बायका आळशी असतात. एकच शब्द! चिकाटी म्हणायची की आळस, हे वाचणाऱ्याच्या मनावर.

आता पुरुषांकडे येऊ. कारण शास्त्रात त्यांच्यासाठी जे लिहिलंय ते आमच्या घरांत कोणी वाचून दाखवत नाही.

शब्बाथच्या तयारीबद्दल ताल्मुदात मोठमोठ्या विद्वानांची कामं नावानिशी दिली आहेत. हेच रब्बी हिस्दा भाजी बारीक चिरायचे. रब्बा आणि रब्बी योसेफ लाकडं फोडायचे. रब्बी झेरा चूल पेटवायचे. रावा मासळीला मीठ लावायचे. यावरून १५६५ साली छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या कायद्याच्या ग्रंथात नियमच केला आहे की घरात कितीही नोकरचाकर असले तरी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी तयारी केलीच पाहिजे. मदत म्हणून नव्हे, हौस म्हणून नव्हे. तो त्या दिवसाचा मान.

मी हे पपांना वाचून दाखवलं. ते वाईट नव्हते, माझ्या आईवर त्यांचं प्रेम होतं. ते म्हणाले, “मला कोणी सांगितलंच नाही.” खरं होतं ते. त्यांना दाढीचा नियम सांगणारे होते, भाजी चिरण्याचा सांगणारं कोणी नव्हतं. परंपरा म्हणजे काय, तर कोणत्या ओळी मोठ्याने वाचायच्या आणि कोणत्या पानातच ठेवायच्या, हे ठरवणं.

कोणी म्हणेल, धर्मशास्त्र बदलत नाही. तर दाढीचंच बघा. सणाच्या मधल्या दिवसांत दाढी नाही, हा पक्का नियम. अठराव्या शतकात प्रागचे मोठे रब्बी यहेज्केल लांडाउ यांनी वाट काढली. आदल्या दिवशी दाढी केलेली असेल आणि न्हावी इतका गरीब असेल की त्याला खायला नाही, तर त्याच्याकडून करून घ्यावी. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी म्हटलं, आता लोक रोज दाढी करतात, तेव्हा सणाआधी करूनही ती वाढणारच, म्हणून अशांना मोकळीक असावी. सगळ्यांनी ते मानलं नाही, वाद चालू राहिला. पण वाद घातला गेला. पुरुषाची हनुवटी बदलली तर शास्त्राने मान वळवून पाहिलं. बाईचा दिवस बदलला, ती नोकरीला जायला लागली, आठ-वीसची लोकल पकडायला लागली, तर तेवढ्याच तातडीने कोणी पाहिलं का?

सेदरच्या रात्री, म्हणजे त्या पहिल्या रात्रीच्या विधीत, स्वतंत्र माणसासारखं डाव्या कुशीवर रेलून जेवायचं असतं. गुलाम उभ्याने खातो, मोकळा माणूस रेलून खातो. ताल्मुद म्हणतो, नवऱ्याशेजारी बसलेल्या बाईला रेलायची गरज नाही. पण ती मानाची बाई असेल तर तिने रेललंच पाहिजे. सोळाव्या शतकात पोलंडच्या क्राकूव शहरातल्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी लिहिलं की आमच्या सगळ्या बायका मानाच्याच आहेत. आणि पुढच्याच वाक्यात, पण त्या रेलत नाहीत, तसा रिवाज नाही. मान दिला, उशी दिली नाही!

आणि ज्या घरांत बाई रेलते, तिथे तिच्या मागे कोण उभी आहे, हेही विचारायला हवं. लिथुएनियातले एकोणिसाव्या शतकातले रब्बी इस्रायल सलांतर यांची गोष्ट सांगतात. शिष्य मात्झा भाजायच्या कामावर देखरेखीला निघाले. त्यांनी विचारलं, कोणता नियम जास्त कसोशीने पाळू? गुरू म्हणाले, पीठ मळणारी बाई विधवा आहे, तिच्यावर ओरडू नका. गोष्ट खरी असो-नसो, ती सांगितली जाते हे महत्त्वाचं. पेसाखच्या आदल्या दुपारी स्वतः केस कापायचे नाहीत, पण परधर्मीयाकडून कापून घेता येतात, असा एक निवाडा आहे. म्हणजे आपली सुट्टी दुसऱ्याच्या श्रमावर. आमच्या घरी दर सणाला येणाऱ्या मावशींना दिवाळीत रजा होती का, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या चार घरं जास्तीची करतात.

आमच्या केंद्रात सणाच्या आधीच्या आठवड्यात येणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. एक बाई आली होती, ओठ फुटलेला. कारण काय, तर नवऱ्याचा सणाचा सदरा इस्त्री झाला नव्हता. तिचा धर्म मी सांगत नाही, कारण तो सदरा कोणत्याही धर्माचा असू शकतो. ती मला म्हणाली, “ताई, चूक माझीच. सणाचा दिवस होता.” हे वाक्य जोवर बायका म्हणतात तोवर सणाआधीचं काम हा घरगुती विषय नाही. तो हक्काचा विषय आहे.

मग करायचं काय? सण सोडायचे? मी सोडलेले नाहीत. त्या रात्रीचे चार प्रश्न मला अजून पाठ आहेत आणि आता माझी भाची ते म्हणते. आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या, त्या सांगते.

पहिली, यादी. सणाआधी भिंतीवर सगळ्या कामांची यादी लागते. कागदावर आलं की ‘तयारी’चं काम होतं. प्रत्येक कामापुढे नाव. भाजी पपा चिरतात, मासळीला मीठ भाऊ लावतो. नियमाने मागितलं नाही ते काम यादीत नाही. पडदे दुसऱ्या महिन्यात धुतले तरी चालतात.

दुसरी, दुपार. आदल्या दिवशी दोन वाजता चूल बंद. जे झालं ते झालं. त्यानंतरची वेळ न्हाण्याची, केस विंचरण्याची, पाठ टेकण्याची. आईसकट सगळ्यांसाठी. आणि मावशींना त्या दिवशी भरपगारी रजा, त्यांच्या सणाला आणि आमच्याही.

तिसरी, उशी. सेदरला पहिली उशी आईची.

पहिल्या वर्षी आई फार बेचैन होती. दोन वाजता हात रिकामे, तर ती उठून पुन्हा ओटा पुसायला लागली. तिला सवयच नव्हती. मग माझ्या वहिनीने तिच्या केसांना तेल लावलं. दोघी बाल्कनीत बसल्या. त्या रात्री भाचीने प्रश्न विचारले, आजची रात्र वेगळी का? पपा उत्तर वाचायच्या आधी आई म्हणाली, “कारण आज मी जागी आहे.”

मैत्रिणींनो, आपापल्या मंडळांत जाऊन एवढंच करू या. येत्या सणाआधी प्रत्येकीने आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहायचा. कोण काय करत होतं, कोण कधी न्हालं, कोण कधी जेवलं. लिहिता येत नसेल तिने सांगायचं, दुसरीने लिहायचं. आणि घरातल्या पोथ्या-पुस्तकांत, कहाण्यांत, रिवाजांत, मोठ्याने न वाचलेल्या ओळी शोधायच्या. प्रत्येक धर्मात त्या आहेत, काही आपल्या बाजूच्या, काही विरुद्ध. आपल्या बाजूच्या वाचून दाखवू. विरुद्ध असतील त्यांच्याशी भांडू. पुढच्या शिबिरात ते हिशेब घेऊन भेटू.